सडपातळ माणसाचा मधुमेह कोणता?

दहावीच्या वर्गात एक प्रश्न विचारून पाहा : मधुमेह कोणाला होतो? उत्तरे बहुधा ठरलेली येतात. जाड माणसाला, शहरातल्या माणसाला, बसून काम करणाऱ्याला, गोड फार खाणाऱ्याला. मंचरहून भीमाशंकरकडे जाताना घोडेगाव सोडले की शिनोली लागते. त्या बाजूच्या शाळांत कदाचित आणखी एक उत्तर मिळेल : आमच्याकडे माणसे डोंगर चढतात, भात लावतात, काटक असतात, आमच्यात तो रोग नाही.

या उत्तरांत थोडे तथ्य आहे. म्हणूनच ती धोक्याची आहेत. समजा, आठवीतली एक किडकिडीत मुलगी महिनाभर सारखी पाणी पिते आहे, तासाला दोनदा लघवीला जाते आहे आणि वाळत चालली आहे. तिच्या रक्तातली साखर तपासावी असे कोणाच्या मनात येत नाही, कारण ती जाड नाही आणि लहान आहे. दुसरीकडे तिशीतल्या सडपातळ शेतकऱ्याला साखर निघते आणि ‘बारीक आहे म्हणजे लहान मुलांतला मधुमेह’ असे कोणीतरी परस्पर ठरवून टाकते. दोन्ही ठिकाणी चूक एकच आहे. अंगकाठी पाहून रोग ओळखायचा प्रयत्न झाला आहे.

मधुमेह हे एका रोगाचे नाव नाही. रक्तातली साखर वाढते या एका खुणेवरून आपण निरनिराळ्या रोगांना दिलेले ते एकच नाव आहे. ताप जसा मलेरियाने येतो, टायफॉइडने येतो आणि साध्या सर्दीनेही येतो, तसे हे आहे. तापाचे कारण न शोधता औषध देणारा डॉक्टर आपल्याला आवडत नाही. साखरेच्या बाबतीत मात्र आपण ‘शुगर आहे’ एवढ्यावर समाधान मानतो.

आधी ही साखर वाढते म्हणजे किती वाढते, ते पाहू. प्रौढ माणसाच्या अंगात सुमारे ५ लिटर रक्त असते. उपाशीपोटी दर १०० मिलिलिटरमध्ये ७० ते १०० मिलिग्रॅम ग्लुकोज असते. हिशेब फळ्यावर मांडा. ५ लिटर म्हणजे १०० मिलिलिटरचे ५० भाग. प्रत्येकात १०० मिलिग्रॅम धरले तर एकूण ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा साखर. सगळ्या रक्तात मिळून एक चमचा! आणि मधुमेहाचे निदान ज्या आकड्याला होते तो उपाशीपोटीचा आकडा आहे १२६, म्हणजे सव्वा चमचा. (प्रयोगशाळा हे मोजमाप रक्तद्रवात करते, त्यामुळे आपला हिशेब ढोबळ आहे, पण अंदाज यायला पुरेसा आहे.) ताटभर भातातून पन्नास-साठ ग्रॅम ग्लुकोज काही तासांत रक्तात उतरते, आणि तरी निरोगी शरीर त्या एका चमच्याची पातळी फारशी ढळू देत नाही. ही किमया स्वादुपिंडातल्या बीटा पेशी इन्सुलिनच्या साहाय्याने करतात.

इन्सुलिनचे काम समजावताना पुस्तकात कुलूप-किल्लीचे चित्र असते. जुन्नर-आंबेगावच्या मुलांना त्याहून जवळचे उदाहरण देता येईल. कांद्याला पाणी देताना काय करावे लागते, हे त्यांना सांगायला नको. पाट भरून वाहत असला म्हणून वाफा आपोआप भिजत नाही. कोणीतरी दारे धरावे लागते. एका वाफ्याचे दार फोडायचे, तो भरला की बांधायचे, पुढच्याचे फोडायचे. रक्त हा पाट, ग्लुकोज हे पाणी, स्नायूंच्या आणि चरबीच्या पेशी हे वाफे आणि इन्सुलिन हा दारे धरणारा गडी. गडीच नसेल तर पाट तुडुंब भरतो, फुटून वाहतो आणि पीक मात्र वाळते. मधुमेही माणूस भरपूर खाऊनही का वाळतो, याचे उत्तर यात आहे.

दृष्टान्त एका ठिकाणी तोकडा पडतो, तेही सांगायला हवे. शरीराचा पाट फक्त जेवणाने भरत नाही. यकृतही साठवलेले आणि नव्याने तयार केलेले ग्लुकोज रक्तात सोडत असते, आणि ‘आता पुरे’ असे त्याला सांगणे हेही इन्सुलिनचेच काम. इन्सुलिन कमी पडले की एकीकडे वाफे कोरडे आणि दुसरीकडे यकृताचा नळ उघडाच, अशी स्थिती होते. उपाशी राहूनही साखर चढते ती यामुळे.

पाट फुटणे ही नुसती उपमा नाही. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की मूत्रपिंडांना ती सगळी परत शोषून घेता येत नाही. ती लघवीत उतरते आणि उतरताना पाणी ओढून नेते. म्हणून लघवी वाढते, म्हणून तहान वाढते. परासरणाचा प्रयोग आपण मनुका भिजवून करतो, तोच हा. रोग्याला तहान लागते म्हणून तो पाणी पितो आणि म्हणून लघवी होते, असा उलटा क्रम पुष्कळांच्या डोक्यात असतो. तो वर्गात जरूर दुरुस्त करावा.

आता प्रकारांकडे वळू. रोगी दोन तऱ्हेचे असतात हे आपल्याकडे फार पूर्वी लक्षात आले होते. सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे सहज आणि अपथ्यनिमित्तज असे दोन भेद सांगितले आहेत. पहिल्यातला रोगी कृश, दुसऱ्यातला स्थूल. प्रमेह ही कल्पना आजच्या मधुमेहापेक्षा व्यापक आहे, तेव्हा त्या दोन भेदांवर आजची नावे चिकटवण्याची घाई करू नये. पण निरीक्षण मोलाचे आहे. आधुनिक वैद्यकात ही विभागणी प्रयोगाने दाखवली ती इंग्लंडमधल्या हॅरल्ड हिम्सवर्थ यांनी, १९३६ मध्ये. त्यांनी रोग्याला तोंडाने साखर दिली आणि त्याच वेळी शिरेतून इन्सुलिन दिले. काहींची साखर इन्सुलिनमुळे आटोक्यात राहिली, काहींची इन्सुलिनला दाद न देता चढतच गेली. म्हणजे काहींच्या शेतात गडी नव्हता, तर काहींच्या वाफ्यांची दारेच गाळाने तुंबली होती.

पुढे १९८० च्या सुमारास ‘इन्सुलिनवर अवलंबून असलेला’ आणि ‘इन्सुलिनवर अवलंबून नसलेला’ अशी नावे आली. जुन्या पाठ्यपुस्तकांत ती अजून सापडतील. ती गैरसोयीची ठरली, कारण ती रोगावरून नव्हे, उपचारावरून पडलेली होती. दुसऱ्या प्रकारच्या कित्येक रोग्यांना काही वर्षांनी इन्सुलिन घ्यावे लागते. तेवढ्याने त्यांचा रोग पहिल्या प्रकारचा होत नाही. १९९७ नंतर म्हणून साधे आकडे रूढ झाले : प्रकार १ आणि प्रकार २.

प्रकार १ मध्ये शरीराची संरक्षण-यंत्रणा आपल्याच बीटा पेशींना परक्या समजून नष्ट करते. गडीच उरत नाही. हा रोग गोड खाल्ल्याने होत नाही, आईबापांच्या चुकीने होत नाही, एकाचा दुसऱ्याला लागत नाही. बहुधा लहानपणी किंवा तरुणपणी सुरू होतो, पण चाळिशीतही होऊ शकतो. सुरुवात झपाट्याने होते. काही आठवड्यांत तहान, लघवी, भूक आणि थकवा वाढतो, वजन उतरते. रात्री अंथरूण ओले न करणारे मूल पुन्हा ओले करू लागते.

इन्सुलिन अजिबात नसले की साखर वाढण्याहून भयंकर अशी एक गोष्ट घडते. पेशींना ग्लुकोज मिळत नाही म्हणून शरीर चरबी जाळू लागते, आणि तिच्यापासून यकृतात कीटोन नावाची आम्ले तयार होतात. रक्त आम्लधर्मी होऊ लागते. मुलाला उलट्या होतात, पोट दुखते, श्वास खोल आणि जलद होतो, तोंडाला पिकल्या फळासारखा वास येतो. हे सगळे पोटाच्या किंवा छातीच्या आजारासारखे दिसते. अशा मुलाला अशक्तपणा आला म्हणून ग्लुकोजचे पाणी पाजले किंवा ग्लुकोजची बाटली लावली, तर आगीत तेल पडते. बोटातून रक्ताचा एक थेंब काढून साध्या यंत्रावर साखर पाहायला एक मिनिटही लागत नाही. हा थेंब वेळेवर काढला की नाही, यावर मुलाचा जीव अवलंबून असतो.

१९२२ पूर्वी असे मूल वाचत नसे. त्या वर्षीच्या जानेवारीत कॅनडातल्या टोरॅन्टो येथे लेनर्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचले गेले. पहिले टोचण अशुद्ध अर्काचे होते आणि फारसे उपयोगी पडले नाही. कॉलिप यांनी अर्क शुद्ध करून दिल्यावर काही दिवसांत मुलगा सावरला, आणि पुढे १३ वर्षे जगला.

आपल्या गावांत प्रकार १ च्या मुलाला एक वेगळाच धोका असतो. इन्सुलिन सुरू केल्यावर काही आठवड्यांत उरल्यासुरल्या बीटा पेशींना विसावा मिळतो आणि त्या थोडे इन्सुलिन तयार करू लागतात. टोचायची मात्रा खूप कमी होते, क्वचित जवळजवळ शून्यावर येते. डॉक्टर याला ‘हनिमूनचा काळ’ म्हणतात. हा काळ काही महिने टिकतो आणि संपतो. नेमक्या याच वेळी कोणी एखादा काढा, एखादी मुळी किंवा अंगारा सुचवलेला असला, तर गुण त्याला आला असे घरच्यांना वाटते. इन्सुलिन बंद होते. पुढचे सांगायला नको. इथे कोणाच्या श्रद्धेची टिंगल करून काही साधत नाही. ‘हा आराम रोगाच्या स्वभावातच आहे, तो कोणत्याही औषधाविना येतो आणि जातो’ एवढी माहिती आधीच दिलेली असली, तर ती उपयोगी पडते. ती देण्याला शिक्षकाइतका योग्य माणूस गावात क्वचितच दुसरा असेल.

प्रकार २ मध्ये गडी असतो, पण दारे तुंबलेली असतात. पेशी, विशेषतः पोटात आणि यकृतात चरबी साठल्यावर, इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत. बीटा पेशी जास्त राबतात, काही वर्षे भागवून नेतात आणि मग थकतात. भारतातले बहुसंख्य मधुमेही या प्रकारातले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेही लोकांची संख्या सुमारे १०.१ कोटी आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांची १३.६ कोटी असल्याचा अंदाज निघाला.

इथपर्यंतचे चित्र पाठ्यपुस्तकातले आहे : बारीक मूल, प्रकार १, जाड प्रौढ, प्रकार २. युरोपात ते बरेचसे जमते. आपल्याकडे ते कुठे फसते हे दाखवणारे काम पुणे जिल्ह्यातच झाले आहे, म्हणून त्यावर जरा थांबू.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचे छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात छापले गेले. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, तंतोतंत सारखा होता : २२.३. पण चरबीचे प्रमाण मोजले तेव्हा युडकिन यांचे ९.१ टक्के निघाले आणि याज्ञिक यांचे २१.२ टक्के. काटा दोघांनाही सारखेच सडपातळ म्हणत होता. आतले शरीर मात्र वेगळे होते.

हा फरक केव्हा सुरू होतो? याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या शास्त्रज्ञांबरोबर पुण्याजवळच्या सहा गावांत एक अभ्यास सुरू केला. गरोदर होण्याआधीपासून बायकांची नोंद ठेवायची, गरोदरपणातला आहार, काम आणि रक्त तपासायचे, मग बाळाचे मोजमाप घ्यायचे आणि ते मूल वाढताना पाहत राहायचे. या गावांतली पूर्ण दिवसांची बाळे सरासरी २.७ किलोची होती, साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. ही बाळे सर्वच बाजूंनी लहान असतील अशी अपेक्षा कोणीही करील. तसे नव्हते. त्यांचे स्नायू आणि पोटातले अवयव पुष्कळच कमी वाढलेले होते, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी जवळपास टिकून होती. दिसायला किडकिडीत आणि आतून मेदयुक्त, असे हे बाळ. जन्मतःच.

ही मुले १९९४ ते १९९६ च्या दरम्यान जन्मली. ती १८ वर्षांची झाली तेव्हा त्यांची ग्लुकोज चाचणी झाली. सरासरी बीएमआय २० च्याही खाली, म्हणजे आपल्या भाषेत काटक पोरे. तरी मुलग्यांत ३७ टक्के आणि मुलींत १८ टक्के मधुमेहाच्या उंबरठ्यावर निघाली. आधीच्या नोंदी चाळल्यावर दिसले की त्यांची उपाशीपोटीची साखर वयाच्या सहाव्या आणि बाराव्या वर्षीही इतरांपेक्षा थोडी वरच होती, बीटा पेशींची ताकद कमी होती आणि आईच्या पोटात असताना त्यांची वाढही कमी झाली होती. इथे शहर नाही, लठ्ठपणा नाही, बसून खाणे नाही. रोगाचे बी पेरले गेले ते आईच्या गरोदरपणात, कदाचित तिच्या स्वतःच्या बालपणात.

त्या मातांपैकी सुमारे दोन तृतीयांश जणींत ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता होती. हे जीवनसत्त्व वनस्पतींत मिळत नाही. दूध, अंडी, मांस, मासे यांतून मिळते. ज्या मातांमध्ये ब-१२ कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत जास्त दिसली. म्हणून याच पिढीतल्या किशोरवयीन मुलामुलींना, त्यांनी आईबाप होण्याच्या आधी, ब-१२ देऊन पाहण्याचा प्रयोग २०१२ मध्ये सुरू झाला. दहावीतल्या मुलीच्या ताटात दूध पडते की नाही हा प्रश्न तिच्या नातवंडांच्या मधुमेहाशी जोडला जाऊ शकतो, हा विचार मला तरी या सगळ्या संशोधनातला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग वाटतो.

तेव्हा आपल्याकडचा ‘प्रकार २’ सगळा एका जातीचा नाही. स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये सुमारे नऊ हजार रोग्यांच्या नोंदींवरून मधुमेहाचे पाच गट पाडले. तीच पद्धत पुण्यातल्या, ४५ वर्षांच्या आत रोग झालेल्या रोग्यांना लावली तेव्हा त्यांच्यात सर्वांत मोठा गट निघाला तो इन्सुलिनच्या तीव्र कमतरतेचा. दारे तुंबलेली आहेतच, पण मुळात गडीही थोडे, असा हा मधुमेह.

याच्याही पुढची पायरी म्हणजे दारे स्वच्छ आणि गडी मात्र थोडे. १९५५ मध्ये ह्यू-जोन्स या डॉक्टरांनी जमैका बेटावर असे रोगी पाहिले : तरुण, हडकुळे, साखर खूप चढलेली, पण कीटोनची विषबाधा सहसा न होणारे. पुढे भारत, आफ्रिका, आग्नेय आशिया येथूनही असे रोगी नोंदले गेले. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये ‘कुपोषणाशी निगडित मधुमेह’ असा वेगळा वर्ग केला आणि १९९९ मध्ये पुरावा अपुरा म्हणून तो काढून टाकला. २०२२ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातल्या रोग्यांवर बारकाईने मोजमापे झाली. त्यांत दिसले की यांचे शरीर इन्सुलिनला उत्तम दाद देते, इन्सुलिन मात्र प्रकार २ पेक्षा बरेच कमी आणि प्रकार १ पेक्षा जास्त तयार होते. एप्रिल २०२५ मध्ये बँकॉकच्या परिषदेत आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने याला ‘प्रकार ५’ हे नाव दिले. सगळ्या तज्ज्ञांना ते पटलेले नाही; नेमकी कसोटी कोणती, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. पण व्यवहारात फरक पडतो. ज्याच्या घरी दोन वेळच्या जेवणाची शाश्वती नाही अशा रोग्याला प्रकार १ समजून भरपूर इन्सुलिन दिले, तर साखर एकदम खाली जाऊन तो दगावू शकतो.

मग ३ आणि ४ हे आकडे कुठे गेले, असे मुले विचारतील. अमेरिकी वर्गीकरणात तिसऱ्या रकान्यात ‘इतर विशिष्ट कारणांनी होणारे’ आणि चौथ्यात ‘गरोदरपणातला’ मधुमेह येतो, पण हे आकडे बोलण्यात फारसे वापरत नाहीत. तिसरा रकाना मोठा गमतीचा आहे. स्वादुपिंडात खडे होऊन होणारा मधुमेह त्यात आहे. केरळात त्याचे पुष्कळ रोगी नोंदले गेले. एकाच जनुकातल्या बिघाडाने पिढ्यान् पिढ्या, ऐन तरुणपणी होणारा मधुमेहही त्यात आहे. आणि जन्मल्यापासून सहा महिन्यांच्या आत होणाराही. या तान्ह्या बाळांना पूर्वी प्रकार १ समजून जन्मभर इन्सुलिन देत. २००४ मध्ये त्यांपैकी कित्येकांतला दोषी जनुक सापडला, आणि कळले की त्यांच्या बीटा पेशी शाबूत आहेत, फक्त इन्सुलिन बाहेर सोडणारी खिटी अडकली आहे. ती सोडवणाऱ्या जुन्या, स्वस्त गोळ्या उपलब्ध होत्याच. बऱ्याच मुलांची इंजेक्शने सुटली. गोळी आणि इंजेक्शन यांतला हा निवाडा नेमके निदान झाले म्हणून झाला.

गरोदरपणातला मधुमेह वारेतून येणाऱ्या संप्रेरकांमुळे होतो आणि बाळंतपणानंतर बहुधा जातो, पण पुढे प्रकार २ होण्याचा धोका आईला आणि मुलाला दोघांनाही ठेवून जातो. आपल्या सरकारी पद्धतीत याची चाचणी सोपी केली आहे : पोट रिकामे असो वा नसो, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून द्यायचे आणि दोन तासांनी साखर मोजायची. १४० किंवा जास्त निघाली तर निदान पक्के. लांबच्या वाडीवरून उपाशीपोटी चालत येणे गरोदर बाईला कठीण, हे ध्यानात घेतले तर या पद्धतीचे मोल कळते.

अंगकाठीवरून ओळखायचे नाही, तर कशावरून? रक्तात बीटा पेशींविरुद्धची प्रतिपिंडे सापडली तर प्रकार १ ची बाजू बळकट होते. न सापडल्याने मात्र तो नाही असे ठरत नाही. कीटोन तपासतात. आणि एक चाचणी विज्ञान शिक्षकाला आवडेल अशी आहे. बीटा पेशीत आधी एक लांब साखळी तयार होते. तिच्यातला एक तुकडा कापला जातो आणि उरलेले ते इन्सुलिन. या तुकड्याला सी-पेप्टाइड म्हणतात. दोन्ही समप्रमाणात रक्तात येतात. बाटलीतल्या इन्सुलिनमध्ये हा तुकडा नसतो. त्यामुळे इन्सुलिन टोचून घेणाऱ्या माणसाच्या रक्तातही सी-पेप्टाइड मोजले, की त्याचे स्वतःचे शरीर किती इन्सुलिन बनवते ते बरोबर कळते. ही चाचणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होत नाही आणि खर्चिकही आहे. पण तरुण, सडपातळ रोग्याच्या बाबतीत ती एकदा करून घेण्याजोगी आहे. तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या एचबीए१सी चाचणीबद्दल एक सावधगिरी : लोहाच्या कमतरतेने रक्तक्षय झालेल्या माणसात ती खोटी जास्त येऊ शकते, आणि आपल्याकडच्या बायकामुलींत रक्तक्षय किती आहे ते आपण जाणतोच.

निवाडा होईपर्यंत एक नियम डॉक्टर पाळतात, तो पालकांनाही ठाऊक असावा. मूल किंवा तरुण माणूस झपाट्याने वाळत असेल, कीटोन दिसत असतील, तर आधी इन्सुलिन सुरू करायचे आणि प्रकार मागाहून ठरवायचा. प्रकार १ च्या रोग्याचे इन्सुलिन उलटी-जुलाब झाले, जेवण गेले, तरी पूर्ण बंद करायचे नसते. मात्रा डॉक्टरांना विचारून बदलायची असते.

अशा मुलाला शाळेत घेताना थोडी तयारी लागते. लघवीला जायची परवानगी मागेल तेव्हा द्यावी. इन्सुलिन घेतल्यावर खाणे लांबले किंवा खेळ जास्त झाला, तर साखर ७० च्या खाली जाते : घाम येतो, हात थरथरतात, मूल चिडचिडे किंवा गोंधळलेले दिसते. लगेच तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये, थेट दवाखाना गाठावा. मुलाला खेळातून वगळायचे कारण नाही. खेळाआधी थोडे खाल्लेले असले म्हणजे झाले. घरात फ्रीज नसेल तर इन्सुलिनची बाटली पिशवीत गुंडाळून दोन मडक्यांच्या मधल्या ओल्या वाळूत किंवा माठाच्या गारव्यात ठेवता येते. बर्फात मात्र ठेवायची नाही, गोठलेले इन्सुलिन निकामी होते. परीक्षेचा प्रश्नही येतो. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ पासून प्रकार १ च्या विद्यार्थ्यांना बोर्डाच्या परीक्षेत साखरेच्या गोळ्या, फळे आणि पाणी जवळ बाळगायची मुभा दिली आहे. मूल कोणत्याही मंडळाचे असो, डॉक्टरांचा दाखला आणि मुख्याध्यापकांचे पत्र परीक्षा केंद्रावर आधीच पोचवावे, म्हणजे पेपर चालू असताना खिशातल्या साखरेच्या पुडीवरून वाद होत नाही.